घाटाला तिकीट नसतं

कोरेगाव भीमाहून वढू बुद्रुककडे वळलं की रविवारी सकाळी रस्त्यावर दोन प्रकारचे खेळाडू भेटतात. पहिले पुण्याहून आलेले सायकलवाले. घट्ट जर्सी, काळे चष्मे, हँडलला लावलेलं छोटं यंत्र. संभाजी महाराजांच्या समाधीपुढे हेल्मेट काढून डोकं टेकवतात, तुळापूरच्या संगमावर पाच मिनिटं बसतात आणि नगर रस्त्यावरची कंटेनरची रांग वाढायच्या आत माघारी फिरतात. दुसरे आमच्याकडचे बैल. नदीत पोहणी घालून आणलेले, अंग चमकणारे, पुढे चालणाऱ्या माणसाला ओढत नेणारे. सायकलवाल्याच्या खिशात खजूर आणि जेलची पाकिटं असतात. बैलाच्या पाटीत खारीक, खोबरं, उडदाचं पीठ, दूध, अंडी. दोन्हीकडे याला एकच शब्द शोभतो: खुराक. खुराक कुठं संपतो आणि औषध कुठं सुरू होतं, हा प्रश्नही दोन्हीकडे तोच आहे.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यात बैलगाडा पळतो तो घाटात. चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली धावपट्टी म्हणजे घाट. पुढं घोडी, मागं जुकाटाचे दोन आणि धुरेचे दोन बैल, गाड्यावर माणूस नाही. बारी संपते दहा-पंधरा सेकंदांत, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर नंबर ठरतो. सगळ्यांत वेगवान गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. गंमत अशी, की मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्यालाही हाच किताब मिळतो. टूर दी फ्रान्समध्येही डोंगरावरचा सर्वोत्तम चढणारा राजाच असतो. 1975 पासून तो लाल ठिपक्यांची जर्सी घालतो, आणि ते ठिपके आले प्रायोजक असलेल्या चॉकलेट कंपनीच्या वेष्टनावरून.

राजाच्या अंगावर चॉकलेटचं वेष्टन कसं आलं, याचं उत्तर प्रवेशद्वारात आहे. म्हणजे ते नसण्यात. क्रिकेटला मैदान आहे, मैदानाला फाटक आहे, फाटकावर तिकीट आहे. सायकल शर्यत जाते सार्वजनिक रस्त्यावरून. कुंपण घालणार कुठं? आमच्या घाटालाही तिकीट नसतं. जिथं तिकीट नाही तिथं फ्लेक्स असतो. घाटावर पुढाऱ्यांचे, ज्वेलर्सचे, बिल्डरांचे फ्लेक्स. तिकडं सायकल शर्यतीत संघाचं नावच प्रायोजकाचं. फुटबॉलमधलं बार्सिलोना हे गावाचं नाव, पण टी-मोबाइल, रॅबोबँक, फेस्टिना ही दुकानांची नावं. दुकान उठलं की संघ उठतो. आमच्याकडे निवेदक ‘अमुक देव प्रसन्न, तमुक यांचा गाडा’ असं पुकारतो, तिथं निदान पहिला मान देवाला मिळतो.

विकायला फक्त नाव असेल, तर नावाला डाग लागणं हेच दिवाळं. म्हणून डाग लागू नये असं सगळ्यांना वाटतं. पण डाग पडू नये यासाठी खर्च करायचा, की पडलेला दिसू नये यासाठी, हे ज्याचा त्याचा हिशेब ठरवतो. व्यावसायिक सायकलिंगचा शंभर वर्षांचा इतिहास हा या हिशेबाचा इतिहास आहे, असं माझं मत आहे.

टूर दी फ्रान्स 1903 मध्ये सुरू झाली ती ‘लॉटो’ नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून. संपादक आंरी देग्रांज. पेपर पिवळ्या कागदावर छापत, म्हणून 1919 पासून आघाडीवीराची जर्सी पिवळी. 1930 मध्ये देग्रांजनं सायकल कंपन्यांच्या संघांना बाहेर काढून राष्ट्रीय संघ आणले. मग खर्च भागवायला शर्यतीपुढं जाहिरातींच्या गाड्यांची वरात सुरू केली. ती आजही निघते. शर्यत बातमी पुरवायची आणि बातमी शर्यत विकायची. दोन्ही एकाच मालकाच्या घरात. या घरातून 1924 मध्ये शर्यत अर्ध्यावर सोडून बाहेर पडलेल्या पेलिसिए बंधूंनी आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढं खिसे रिकामे केले: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्या. वाचक हळहळले. पेपर खपले. पुढच्या वर्षी टूर निघाली.

13 जुलै 1967 ला टॉम सिम्पसन मों व्हांतूच्या उघड्या-बोडक्या चढावर सायकलवरून पडला आणि मेला. उष्णता, दारू आणि अँफेटामीन. त्याच्या जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. त्याच्या आदल्या वर्षी टूरमध्ये पहिल्यांदा तपासणी झाली होती, आणि तिचा निषेध खुद्द सायकलपटूंनी रस्त्यावर उतरून केला होता. कष्टकऱ्याच्या अंगाची झडती घेतली की तो चिडतो, तसंच ते. रोज दोनशे किलोमीटर, तीन आठवडे, आणि वर बाटलीत लघवी करून दाखवा! त्यांची बाजू मला पूर्ण चुकीची कधीच वाटली नाही.

नव्वदच्या दशकात ईपीओ आलं आणि खेळाची जातच बदलली. अँफेटामीननं थकवा विसरतो. ईपीओनं रक्तातल्या तांबड्या पेशीच वाढतात, म्हणजे इंजिनच बदलतं. त्या वेळी ते लघवीत सापडत नव्हतं. जागतिक सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, 1997 मध्ये तोडगा काढला: रक्तातल्या पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांच्या वर गेलं तर दोन आठवडे विश्रांती. याचा अर्थ संघांच्या डॉक्टरांना नेमका कळला. 49 पर्यंत मोकळं रान. मग 8 जुलै 1998 ला फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएत बेल्जियमच्या सरहद्दीवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला. त्याला पकडलं सीमाशुल्कवाल्यांनी. क्रीडा संघटनेचा त्यात काही वाटा नव्हता. त्या टूरमध्ये 189 जण निघाले, पॅरिसला पोहोचले 96. पुढच्या वर्षी ‘वाडा’, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, जन्माला आली ती याच धक्क्यातून.

आणि त्याच वर्षी, 1999 मध्ये, खेळाला हवी होती तशी गोष्ट चालून आली. कर्करोगातून उठलेला अमेरिकन तरुण टूर जिंकतो! लान्स आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात त्या टूरमध्ये कॉर्टिकोस्टेरॉइडचे अंश सापडले; जुन्या तारखेची डॉक्टरची चिठ्ठी दाखवून प्रकरण मिटलं. त्यानं 2002 आणि 2005 मध्ये यूसीआयला मिळून सव्वा लाख डॉलर देणगी दिली, तीही उत्तेजकविरोधी कामासाठी. ज्याची तपासणी करायची त्याच्याच देणगीतून तपासणीचं सामान घ्यायचं, यात कुणालाच काही खटकलं नाही. 2015 च्या स्वतंत्र चौकशी अहवालाला लाचेचा पुरावा मिळाला नाही, पण त्याला विशेष वागणूक मिळाली असं त्यानं स्पष्ट म्हटलं. मला लाचेपेक्षा हेच अधिक बोलकं वाटतं. लाच द्यावीही लागली नाही. अमेरिकेची बाजारपेठ उघडत होती, दूरचित्रवाणीचे आकडे चढत होते, नायक पडावा असं कुणालाच वाटत नव्हतं.

या प्रकरणातला एक धागा मात्र हिशेबात बसत नाही. 23 ऑगस्ट 2005 ला ‘लेकिप’ दैनिकानं आर्मस्ट्राँगच्या 1999 च्या जुन्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचं छापलं. ‘लेकिप’ हा ‘लॉटो’चाच वारस, आणि टूर भरवणारी आमोरी कंपनी हीच त्याची मालक. ज्या घरानं शर्यत विकली, त्याच घरातल्या बातमीदारानं तिचा सात वेळचा विजेता उघडा पाडला. मालकाचा गल्ला आणि संपादकाची खोली यांच्यात एक भिंत होती, म्हणून हे झालं. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेचा आर्मस्ट्राँगवरचा अहवाल आला, 17 तारखेला नायकीनं हात झटकले, 22 ला यूसीआयनं सातही किताब काढून घेतले. क्रम पाहण्यासारखा आहे: बूट कंपनी पाच दिवस आधी शहाणी झाली.

प्रायोजक खेळ स्वच्छ करतात, असं म्हणणारे भेटतात. करतात, पण बातमी फुटल्यावर. 2007 मध्ये रॅबोबँकच्या संघानं पिवळी जर्सी अंगात असलेल्या मायकेल रासमुसेनला टूर संपत आली असताना घरी पाठवलं, कारण तपासणीसाठी तो कुठं असतो याबद्दल खोटं बोलला होता. हे धाडसच म्हणायचं. त्याच टूरमध्ये जर्मनीच्या सरकारी वाहिन्यांनी प्रक्षेपण मधेच बंद केलं, वर्षअखेर टी-मोबाइलनं काढता पाय घेतला. आणि रॅबोबँक? आर्मस्ट्राँगचा अहवाल आला त्याच महिन्यात सतरा वर्षांचा संसार मोडून गेली. बँक गेल्यावर शिक्षा झाली ती पुढच्या पिढीतल्या पोरांना, ज्यांनी काही घेतलं नसेल त्यांनाही.

त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट झाली ती पैशाची वाट बदलण्याची. 2008 मध्ये यूसीआयनं बायोलॉजिकल पासपोर्ट आणला. यात औषध शोधत बसायचं नाही. खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची वही ठेवायची आणि आकडे अचानक उड्या मारू लागले की विचारायचं. तपासणीसाठी आधी वेगळं प्रतिष्ठान काढलं, आणि 2021 पासून ते काम आंतरराष्ट्रीय तपासणी संस्थेकडे दिलं. खर्च अजूनही संघ, आयोजक, संघटना उचलतात, खेळाडूंच्या बक्षिसातूनही वाटा कापला जातो. पण कुणाच्या दारावर पहाटे सहाला थाप मारायची, हे पैसे देणारा ठरवत नाही.

हे जाळं वरच्या पाण्यात घट्ट आहे, तळाला विरळ. पासपोर्ट मुख्यत्वे पहिल्या दोन श्रेणींच्या संघांना लागू. किमान वेतनाचा नियमही तिथंच. तिसऱ्या, म्हणजे कॉन्टिनेंटल श्रेणीत कित्येक पोरं जेवणखाण आणि सायकल एवढ्यावर पळतात, आणि वर जायचं तर जिंकावंच लागतं. पोर्तुगालचा डब्ल्यू-52 एफसी पोर्तो हा याच श्रेणीतला संघ. 2022 मध्ये पोलिसांचे छापे पडले, परवाना गेला, एकामागून एक खेळाडूंवर बंदी आली. भूक जिथं जास्त, तिथंच पहारा कमी.

आता आपल्याकडे. भारतीय धावपटूला किंवा सायकलपटूला कोण चॉकलेट कंपनी विचारते? आपला खरा प्रायोजक सरकारी नोकरी आहे. राज्यात खेळाडूंना नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. पदकाचं प्रमाणपत्र म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं. त्यामुळे आपल्याकडे औषध ऑलिंपिकपेक्षा खूप खाली, राज्य स्पर्धेच्या पायरीवरच भेटतं. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली राज्य स्पर्धेत ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, अधिकारी मैदानावर आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत धावायला एकच जण उरला. वाडाच्या 2024 च्या आकड्यांत भारताचे 7113 नमुने तपासले गेले, 260 दोषी निघाले. साडेतीन टक्क्यांच्या वर. मोठ्या संख्येनं तपासणी करणाऱ्या देशांत आपला नंबर वरचा होता, सलग तिसऱ्या वर्षी. तपासणी वाढली म्हणून आकडा वाढला, हे स्पष्टीकरण थोडंसंच पुरतं.

या पार्श्वभूमीवर जानेवारी 2026 मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. यूसीआयच्या 2.2 दर्जाची, अनेक टप्प्यांची, भारतातली पहिली शर्यत. 437 किलोमीटर, नाव बजाजचं, पुढाकार जिल्हा प्रशासनाचा. पुण्यानं सायकलींचं शहर हे बिरुद कधीच स्कूटरला देऊन टाकलं होतं. ज्या कंपनीच्या स्कूटरनं सायकल हटवली तिनंच सायकल परत आणावी, यात मला खूप मजा वाटली. रस्ते गुळगुळीत झाले, शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी राहिली, कुणी तिकीट काढलं नाही. आले होते ते बहुतेक संघ कॉन्टिनेंटल श्रेणीतले, म्हणजे वर सांगितलेल्या विरळ जाळ्यातले. यावर आपल्याकडे कुठंच बोलणं झालं नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यांची चर्चा मात्र भरपूर.

आमच्या घाटात मात्र नियम कागदावर कडक आहेत. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यत बंद केली. राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं ती कायम केली. अंतर हजार मीटरच्या आत, काठी-खिळा-विजेचा झटका नाही, दारू किंवा उत्तेजक द्रव्य नाही, पशुवैद्यकाचा दाखला, चित्रीकरण. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. परवानगी आली आणि बक्षिसंही फुगली. मे 2022 मध्ये चिखलीच्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर लागले होते. चांगल्या बैलाचा सौदा लाखांत होतो. एवढा पैसा दहा सेकंदांवर लागला की जे फ्रान्समध्ये माणसांनी केलं ते इथं कुणी करणारच नाही, असं मानायला मी तयार नाही. बैल तर तक्रारही करू शकत नाही. पेलिसिएंसारखा खिसा उलटा करून दाखवायला त्याला खिसाच नाही. पशुवैद्य डोळे, खूर, जखमा पाहतो. रक्तात काय आहे ते नजरेला दिसत नाही. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं यंत्र घाटावर आलं, कारण त्यावर नंबर ठरतो आणि त्याचा खर्च आनंदानं केला जातो.

घाटासाठी यात्रा कमिटीला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि 50 हजार रुपये अनामत ठेवावी लागते. काही गडबड झाली तर जबाबदार कमिटी. म्हणजे भरवणारा वेगळा, जाब विचारणारा वेगळा. सायकलच्या वेळी मात्र हेच कार्यालय कमिटी होतं, आणि परवानगीचा कागद स्वित्झर्लंडमधल्या एग्ल नावाच्या गावाहून, यूसीआयच्या कचेरीतून, आला होता.