बडे प्रशिक्षक दिल्लीच्या दारातून का परततात?

गोष्ट जुलै २०२५ मधली. दिल्लीच्या द्वारका भागात 'फुटबॉल हाऊस' आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे हे मुख्यालय. भारतीय संघाला नवा प्रशिक्षक हवा होता आणि त्या एका जागेसाठी १७० अर्ज आले होते. त्यांतले एक नाव ऐकून फुटबॉलप्रेमींचे डोळे विस्फारले. झावी हर्नांडेझ! स्पेनच्या विश्वविजेत्या संघातला खेळाडू आणि बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक. बातमी वाऱ्यासारखी पसरली. पण लवकरच महासंघाला खुलासा करावा लागला, की झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावाने आलेले ई-मेल खोटे होते.

झाले ते हसण्यासारखेच होते. पण हसून झाल्यावर मनात प्रश्न उरतोच. १४० कोटींच्या या देशाच्या संघाकडे जगातला एखादा नामांकित प्रशिक्षक आपणहून का येत नाही?

प्रश्न फक्त पैशांचा?

पटकन सुचणारे उत्तर म्हणजे पैसा. ते खोटे नाही. युरोपात मिळणारे मानधन आपल्या महासंघाला झेपणारे नाही. पण पैसा तर आपण मोजलाच आहे, आणि तोही कसा, ते पाहा.

क्रोएशियाचे इगोर स्टिमाच २०१९ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला आणि जून २०२४ मध्ये, विश्वचषक पात्रता फेरीतील अपयशानंतर, त्यांना काढण्यात आले. उरलेल्या करारावरून वाद झाला. शेवटी ४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आठ महिन्यांपूर्वी ज्याच्यावर विश्वास टाकला, त्यालाच पैसे देऊन निरोप!

मग २९१ अर्जांतून स्पेनचे मानोलो मार्केझ निवडले गेले. ते त्या वेळी एफसी गोवा संघाचेही प्रशिक्षक होते आणि क्लब न सोडताच त्यांनी देशाचा संघ हाती घेतला. एका डगरीवर एक पाय, दुसरीवर दुसरा. त्यांच्या कारकिर्दीत भारत ८ सामने खेळला आणि त्यांतला एकच, मालदीवविरुद्धचा, जिंकला. जुलै २०२५ मध्ये परस्परसंमतीने तेही गेले. बाहेरून पाहणाऱ्या जाणत्या प्रशिक्षकाने या सगळ्यातून काय अर्थ काढावा?

नाव आले, गाव गेले

मोठी नावे दिल्लीत कधी आलीच नाहीत असेही नाही. इंडियन सुपर लीगमधील दिल्ली डायनामोज संघाने २०१५ मध्ये ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस आणि २०१६ मध्ये इटलीचा जियानलुका झांब्रोटा यांना प्रशिक्षक म्हणून आणले. दोघेही विश्वविजेत्या संघांतले खेळाडू. दोन्ही वर्षी संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. पण दोघेही एकेका हंगामापुरतेच राहिले. पुढे २०१९ मध्ये संघच भुवनेश्वरला गेला आणि 'ओडिशा एफसी' झाला. पाहुणे गेले, पाठोपाठ यजमानांनीही घर बदलले!

याच दिल्लीने दुसरे चित्रही पाहिले आहे. १९७९ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबला युरोपियन कपच्या अंतिम फेरीत नेणारे इंग्लंडचे बॉब हॉटन २००६ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांना सुमारे पाच वर्षे मिळाली, खेळाडूंबरोबर लांबलचक शिबिरे मिळाली, परदेश दौरे मिळाले. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने २००७ आणि २००९ चा नेहरू चषक जिंकला. त्याच मैदानावर २००८ मध्ये ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून एएफसी चॅलेंज कप मिळवला आणि त्या जोरावर १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाचे दार उघडले. म्हणजे चांगला माणूस येतो आणि कामही करतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

आधी घर, मग पाहुणा

प्रशिक्षक येण्याआधी काय पाहतो? लीग नियमित चालते का, खेळाडू सरावाला किती दिवस मिळतील, खालून नवी मुले तयार होऊन येतात का. आपल्याकडे २०२५ च्या जुलैमध्ये, म्हणजे प्रशिक्षकाचा शोध चालू असतानाच, देशातली सर्वोच्च लीग स्थगित झाली. महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये देणारा व्यापारी करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचे काहीच ठरलेले नव्हते. लीग सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडावा लागला.

उझबेकिस्तानचे उदाहरण पाहा. या देशाने आधी मुलांवर मेहनत घेतली. २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आणि २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळवले. जून २०२५ मध्ये तैमूर कापादझे या स्वदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली प्रथमच विश्वचषकाची पात्रता गाठली. इटलीचा विश्वविजेता कर्णधार फाबिओ कानावारो तिथे प्रशिक्षक म्हणून आला तो त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. आधी घर उभे राहिले, मग पाहुणा आला.

घरचाच माणूस

१७० अर्जांतून शेवटी १ ऑगस्ट २०२५ रोजी निवड झाली खालिद जमील यांची. मुंबई एफसीला त्यांनी सात वर्षे दिली आणि २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. सुमारे तेरा वर्षांनी भारतीय माणूस या पदावर आला. पहिल्याच स्पर्धेत, ताजिकिस्तानात, भारताने ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण त्या स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नव्हते. फिफाने ठरवलेल्या दिवसांबाहेर तसे बंधनही नव्हते. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरने २-१ असे हरवले आणि आशियाई चषकाची आशा मावळली. माणूस बदलला तरी अडचणी त्याच राहिल्या.

दिल्लीनेच १९५१ मध्ये पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक घेताना पाहिले. त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू होईपर्यंत संघ त्यांच्याच हाती राहिला. याच काळात मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक आणि १९६२ मधले दुसरे आशियाई सुवर्ण मिळाले.

आपल्या मुलांच्या शाळा-कॉलेजांकडेही या नजरेने पाहायला हवे. स्पर्धेच्या तोंडावर महिनाभरासाठी मानधनावर कुणाला तरी बोलवायचे आणि हरलो की पुढच्या वर्षी दुसऱ्याला, असे चालले तर चांगला माणूस तिथे तरी का टिकेल? रोप लावून दर आठवड्याला मूळ धरले का म्हणून उपटून पाहिले, तर माळी कितीही नामांकित असो, बाग फुलणार नाही.