एकेचाळीस-सहा

"भरलेली असताना रडते की खाली असताना?" गाडीकडे न बघताच मिस्तरींनी विचारलं.

"भरलेली. चढावर."

"मग दात गेले."

धुळ्याला पारोळा चौफुलीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये मी सकाळपासून बसलो होतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग या शहराला येऊन भेटतात, त्यामुळे इथल्या मिस्तरींना देशभरच्या गाड्यांचं रडणं पाठ. ही गाडी चोपड्याची, केळीची. शिरपूर, पळासनेर, मग बिजासनचा घाट आणि पुढे दिल्ली. नंबर अर्थातच एमएच १९.

मालक पंचविशीतला. त्याने पंप वाढवून घेतला होता, म्हणजे इंजिनात डिझेल जास्त जाणार, जोर जास्त, धूरही जास्त. तो जोर शेवटी कुठे पोचतो याचा विचार सहसा कोणी करत नाही. पहिल्या गिअरला गिअरबॉक्स तो साधारण सातपट करतो, मागचा एक्सल तो पुन्हा जवळजवळ सातपट. इंजिनाने एक पिळा दिला की चाकांपाशी पन्नासच्या आसपास. मधे उभे असतात पिनियनचे, म्हणजे एक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाचे, सहा दात.

एक्सलचे शाफ्ट काढायला गाडी उचलावी लागली नाही. ट्रकचं वजन हौजिंग पेलतं, शाफ्टने फक्त पिळा सोसायचा. बोल्ट काढले, हातोडीचे दोन ठोके, आणि कमरेएवढ्या उंचीचा दांडा दोन्ही बाजूंनी सरसर बाहेर आला. डिफरेन्शियल मात्र साखळीवर लटकवून, दोघांनी धरून काढलं. खालच्या ट्रेमध्ये काळं ऑइल. या ऑइलला गंधकाचा वास येतो, आणि तो असायलाच हवा. पिनियन क्राऊनच्या, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाच्या, मध्यावर न बसता थोडा खाली बसलेला असतो, म्हणून दात नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. साधं ऑइल तिथे टिकत नाही. मिस्तरींनी बोट बुडवून चोळलं आणि माझ्यापुढे केलं. बोटावर चमचम होती.

"चांदी," ते म्हणाले. दातांचा चुरा.

क्राऊन-पिनियन नवं घालायचंच होतं, मग मालकाने केबिनमधून खोकं आणलं. सदतीस-सहा. जुनं एकेचाळीस-सहा. क्राऊनला एकेचाळीस दात, पिनियनला सहा. भागले की ६.८३. सदतीसला ६.१७. टॉप गिअर डायरेक्ट असेल आणि इंजिन दोन हजारावर फिरत असेल, तर एकेचाळीसला छप्पनचा वेग, सदतीसला बासष्टचा. हा हिशेब मी चहाच्या कागदावर मांडला. दिल्लीच्या केळीला ताशी सहा किलोमीटर म्हणजे पुष्कळ, पोराचं चुकत नव्हतं. पण ओढ तेवढीच, दहा टक्के, जाते.

मिस्तरी मराठीतून एकदम अहिराणीवर आले. "घाटमा दम नही ऱ्हायना ते सपाटवर पयीसन काय करशी, भाऊ?"

पोरगा म्हणाला, पंप वाढवलाय ना, काका. मिस्तरींनी जुना पिनियन त्याच्या हातात दिला. सहापैकी एका दाताचा कोपरा उडालेला. २०१८ च्या जुलैत सरकारने दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेलं, मागच्या एक्सलचं १०.२ वरून ११.५ वर. कागदावर वजन वाढलं म्हणून जुन्या गाडीचं लोखंड जाड होत नाही. खोकं परत केबिनमध्ये गेलं.

एकेचाळीस काय, सदतीस काय, दोन्हींना सहाने भाग जात नाही. ही सोय मुद्दाम केलेली असते. ठरावीक दात ठरावीक दातालाच भेटत राहिले तर एकाची खोड दुसऱ्याला कायमची लागते. इथे प्रत्येक दात प्रत्येकाला पाळीपाळीने भेटतो. जोडी मात्र कारखान्यातच एकमेकींवर घासून घेतलेली असते, दोघींवर एकच नंबर. ताटातूट चालत नाही.

नवं एकेचाळीस-सहा बसवण्यात दुपार गेली. क्राऊनच्या चार-पाच दातांना निळा रंग लावायचा, हाताने फिरवायचं, ठसा बघायचा. ठसा दाताच्या बुडाशी आला, म्हणजे पिनियन फार आत. पुन्हा खोला, कागदासारखी पातळ शिम बदला, पुन्हा आवळा. तीनदा झालं. डायल लावून त्यांनी दातांमधली फट बघितली, पण त्याआधीच क्राऊन हाताने मागेपुढे हलवून 'टक' असा आवाज ऐकून मान डोलावली होती. मला तिन्ही वेळचे टक सारखेच वाटले. चौथ्यांदा ठसा मधोमध आला तेव्हा त्यांनी दाताची उलटी बाजूही दाखवली. चढावर एक बाजू झिजते, इंजिनावर गाडी रोखत उतरताना दुसरी. बरेच जण ती बघतच नाहीत म्हणे.

संध्याकाळी शेजारच्याची वाळू भरून गाडी लळिंगच्या घाटात नेली. रिकामा एक्सल खोटं बोलतो, म्हणून वाळू. चढ, वळून उतार, पुन्हा चढ. कोणी बोललं नाही, रेडिओही बंद. खाली आल्यावर मिस्तरी गाडीखाली सरकले आणि हौजिंगच्या पोटावर तळहात ठेवला. मी मनात दहापर्यंत मोजलं. हात तिथेच होता.

"पाचशे किलोमीटरला ऑइल बदल," ते खालूनच म्हणाले, "आणि पंप पहिल्यासारखा कर."

पोराने फक्त पहिल्याला मान डोलावली.