‘बरं हाय की!’ : फोनवरच्या ओपीडीतले किस्से

आमच्या दवाखान्यात सगळ्यांत धोकादायक शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी न्यूमोनिया म्हणणार नाही. ‘बरं हाय की’ म्हणेन.

मी छातीच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. गाव तालुक्याचं, पेशंट आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे. आठवड्यातून दोन दुपारी आमची फोनची ओपीडी असते. त्यात बहुतेक जुनी गिऱ्हाइकं (सरांना हा शब्द आवडत नाही, पण पेशंट स्वतःच म्हणतात) सीओपीडीची. म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या, औषधानं आटोक्यात राहणारा पण मुळापासून न जाणारा आजार. सर फोनवर बोलतात ती दहा मिनिटं पेशंटच्या लक्षात राहतात. त्याच्या आदल्या दिवशी मी जो तयारीचा फोन करते, तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. हे किस्से त्या फोनचे.

भांड्यांच्या मागचा आवाज

एक निवृत्त मास्तर. आवाज असा खणखणीत की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. “ठणठणीत आहे, ताई. सरांचा वेळ माझ्यावर घालवू नका.” मी फायलीत ‘स्थिर’ असं लिहिणार, तेवढ्यात मागं पातेलं आपटलं आणि एक बाईचा आवाज आला, “कसलं ठणठणीत! चार रात्री झाल्या, उशा लावून बसून काढतायत. काल अंघोळीचं पाणी मी ओतलंय अंगावर.”

मास्तर गप्प. मी ‘स्थिर’ खोडलं.

मास्तर खोटं बोलत नव्हते. दमाचा माणूस हळूहळू आपलं जगणं आखडतं घेतो. आधी बाजार सोडतो, मग जिना, मग अंगण. खुर्चीत बसून राहिलं की दम लागत नाही, आणि दम लागत नाही म्हणजे बरं आहे, असा त्याचा सरळ हिशेब असतो. सर समोर असते तर मास्तर दारातून खुर्चीपर्यंत कसे आले, खांदे किती वर उचलले, हे न विचारता कळलं असतं. फोनवर फक्त आवाज येतो, आणि आवाज मास्तरांचा असतो.

तेव्हापासून पहिला नियम : फोन स्पीकरवर, आणि शेजारी रात्री त्या घरात झोपणारं माणूस. पुण्या-मुंबईतून कॉन्फरन्सवर येणारा मुलगा चालेल, पण तो वरचा. पातेलं आपटणारी व्यक्ती आधी.

जुनीच युक्ती

फोनवर डॉक्टर ही करोनानं आणलेली नवलाई, असं लोकांना वाटतं. आपल्याकडे टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली तीही नेमकी २५ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. पण टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फोनवरच्या तपासणीची हकिगत आली होती. मध्यरात्री घाबरलेल्या आईनं बाळाला फोनजवळ धरलं, डॉक्टरांनी खोकला ऐकला आणि हा घशाचा भयंकर आजार नव्हे, असं सांगितलं. सर ही गोष्ट नव्या पेशंटला हमखास सांगतात. वर म्हणतात, “लेनेकनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप आला. आपली सुरळी जरा लांब आहे, एवढंच.”

सुरळी लांब असली की मधे काय काय शिरतं, ते मात्र मला निस्तरावं लागतं.

गच्चीवरचा दम

हा किस्सा आमच्या फजितीचा आहे.

डोंगराकडच्या वाडीतले एक आबा. सरांनी फोन लावला तर आबांना तीन शब्दांपुढे बोलता येईना. “सर… जरा… थांबा…” वाक्य अर्ध्यात तुटणं ही आमच्याकडे लाल खूण. सरांचा चेहरा बदलला, मी दुसऱ्या फोनवर १०८ लावायला घेतला. तेवढ्यात आबांचा नातू ओरडला, “अवो, आजा आत्ता गच्चीवर चढलाय! खाली रेंज न्हाई!”

सरांचा फोन येणार म्हणून आबा अठरा पायऱ्या चढून, पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. पाच मिनिटं बसवलं, तर नेहमीसारखे गप्पा मारायला लागले.

सर हसले, पण फोन ठेवल्यावर म्हणाले, “उलटंही होऊ शकलं असतं. खरा दम असता आणि आपण रेंज समजलो असतो.” म्हणून दुसरा नियम : ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटं बसून राहायचं, आणि बसायची जागा आदल्या दिवशीच रेंज बघून ठरवायची. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर अर्धा तास आधी चढायचं, खुर्ची वर न्यायची.

एके काळी आम्ही फोनवर पेशंटला एका श्वासात एक ते तीस आकडे म्हणायला लावायचो. कुठवर पोचतो, त्यावरून दम जोखायचा. पण २०२० मध्येच ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की ही चाचणी पुरेशी तपासलेली नाही, तिच्यावर विसंबू नका. सरांनी ती बंद केली. आता प्रश्न साधे : महिन्यापूर्वी मारुतीच्या देवळापर्यंत न थांबता जात होता, आता कुठे थांबता? सदरा घालताना धाप लागते का? बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? सरांच्या फायलीत दमाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत, त्या याच उत्तरांतून ठरतात. पेशंटनं पायरी सांगायची नाही, देऊळ सांगायचं.

इथेही एकदा फसलो होतो. एका काकांनी सांगितलं, “दोन मजले चढतो.” पुढच्या वेळी मी विचारलं, “शेवटचं कधी चढलात?” काका म्हणाले, “दिवाळीत.” तेव्हा श्रावण चालू होता.

अठ्ठ्याण्णव की शहाऐंशी

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं चिमटा-यंत्र घरोघरी आलं आणि आमचे फोन वाढले. त्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा. एका ताईंनी रडत फोन केला, “बाबांचा ऑक्सिजन अडुसष्ट!” बाबा मागे निवांत चहा फुरकत होते. अडुसष्ट ही नाडी होती. ऑक्सिजन चौऱ्याण्णव.

हसण्यासारखा तो किस्सा. दुसरा तसा नाही. एका काकूंनी आकडा सांगितला अठ्ठ्याण्णव. आवाज मात्र जड, शब्द सावकाश, मधेच पेंग आल्यासारखा. इतका झकास आकडा त्यांच्या फायलीत कधीच नव्हता, त्यांचं नेहमीचं नव्वद-एक्क्याण्णव. मी मुलाला म्हटलं, यंत्राचा फोटो पाठव. फोटोत बोट कुठल्या बाजूनं शिरलंय ते दिसलं. काकूंचा मुलगा समोर बसून उलट्या बाजूनं वाचत होता. यंत्रावरचे आकडे इंग्रजी. इंग्रजी आठ उलटा केला तरी आठच राहतो, सहाचा मात्र नऊ होतो. अठ्ठ्याण्णव सरळ केल्यावर झाले शहाऐंशी.

त्या दिवशी १०८ खरोखर लावला. काकू आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आल्या.

म्हणून यंत्राचे नियम मी पाढ्यासारखे म्हणून घेते. पाच मिनिटं स्वस्थ बसा. बोटं गार असतील तर चोळून ऊब आणा. मेंदी किंवा नखपॉलिश असलेलं बोट नको. आकडा स्थिर होईतो थांबा. जिच्या बोटाला यंत्र, तिच्याच बाजूनं वाचा. आणि शेवटचं, आपला नेहमीचा आकडा पाठ असू द्या. सीओपीडीच्या काही पेशंटना सर ८८ ते ९२ च्या मधेच ठेवतात, कारण त्यांना जादा ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. शेजारच्याचा आकडा सत्त्याण्णव आहे म्हणून घरच्या ऑक्सिजनच्या मशीनची चावी आपण वाढवायची नाही.

परातीतली औषधं

“कोणती औषधं चालू आहेत?” या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेलं उत्तर : “एक निळा पंप, एक पांढरी गोळी आणि तुम्ही दिलेलं ते.” कंपनी बदलली की रंग बदलतो, त्यामुळे निळ्यावर भरवसा नाही. मी सांगते, घरात सापडेल ते सगळं परातीत काढा आणि परात फोनजवळ ठेवा. बीपीची गोळी, मेडिकलवाल्यानं दिलेलं खोकल्याचं औषध, वैद्यांचा काढा, सगळं. मग एकेका खोक्यावरचं नाव वाचा.

परातीतून अजब गोष्टी निघाल्या आहेत. एकदा कळलं, की मामा श्वासातून ओढायची कॅप्सूल तीन महिने पाण्याबरोबर गिळत होते. “यंत्र नातवानं खेळायला नेलं,” म्हणाले, “औषध तर पोटातच जायचं ना?” एकांनी पंप रिकामा झाला का, हे बघायला तो बादलीत टाकला. तरंगला म्हणून नवा आणला. तरंगण्यावरून पंपाचा हिशेब लागत नाही. डब्यावर किती मात्रा आहेत ते छापलेलं असतं. सुरू केल्याची तारीख मार्करनं लिहायची आणि रोजच्या मात्रांनी भागायचं. आकडा दाखवणारी खिडकी असेल तर काम आणखी सोपं.

सरांची एक खास खोड आहे. ते म्हणतात, “पंप फोनजवळ घ्या आणि नेहमीसारखा मारा.” पेशंटला वाटतं चेष्टा करतायत. पण कान तयार झाला की कळतं. आधी ‘फुस्स’ ऐकू आलं आणि श्वास दोन सेकंदांनी, तर औषध जिभेवर आणि गालांवर. हलवल्याची खडखड ऐकूच आली नाही तर तेही कळतं. श्वास ओढून दहा आकडे थांबायचं. ती शांतता फोनवर फार छान ऐकू येते. शेवटी गुळण्या. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळणी केली नाही तर तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि मग पेशंट पंपच सोडतो.

बेडक्याचा रंग

जेवायला बसले असताना माझ्या फोनवर बेडक्याचे फोटो येतात, ही या नोकरीची अदृश्य बाजू. फोटोतला रंग बल्बनुसार बदलतो. त्यामुळे मी स्वयंपाकघर विचारते : ताकासारखा, मुगाच्या डाळीसारखा, की चिंचेच्या पाल्यासारखा हिरवा? दिवसाला चमचाभर की वाटीभर? आणि महत्त्वाचं, पूर्वीपेक्षा वेगळा आहे का? दम, बेडका किती आणि बेडक्याचा रंग, या तिन्हींत दोन-चार दिवसांत झालेला बदल सरांना हवा असतो.

काही गोष्टींसाठी मात्र माझ्या फोनची वाट बघायची नाही. बसल्या जागी वाक्य पुरं होत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, माणूस पेंगतो किंवा असंबद्ध बोलतो, छातीत दुखतं, थुंकीतून रक्त पडतं. तेव्हा १०८. फोनची ओपीडी ही ओपीडी आहे, रुग्णवाहिका नव्हे.

डेअरीचं पुस्तक

सरांची लाडकी पेशंट म्हणजे एक आजी. आयुष्यात बिडी ओढली नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसल्या, सकाळी तव्यावर मशेरी भाजली, त्याचाही धूर. आपल्याकडे अशा कितीतरी बायकांची फुफ्फुसं धुरानं गेली आहेत आणि घरात त्याला ‘वयाचा दम’ म्हणतात.

मी सगळ्यांना सांगते, आठ-पंधरा दिवस रोजची नोंद ठेवा. छापील तक्ता पाठवला की तो देवघरात जातो. आजींनी मात्र घरातलं दूध डेअरीचं जुनं पुस्तक काढलं. त्यात सकाळ-संध्याकाळचे रकाने आयतेच. लिटरच्या रकान्यात पंपाच्या मात्रा, फॅटच्या रकान्यात ऑक्सिजन. शेऱ्याच्या जागी एखादा शब्द. लिहायचं काम नातीचं.

पहिल्यांदा नातीनं फोनवर वाचलं तेव्हा सर मधेच थांबले. “बारा तारखेला तातडीचा पंप चार वेळा. शेरा काय?” नात म्हणाली, “माणसं होती.” “एकोणीसला?” “माणसं होती.” सरांनी विचारलं, कसली माणसं? आजींनी फोन ओढून घेतला. “भांगलायला बायका हुत्या. दहा जणींच्या भाकऱ्या.” गॅस होता घरात, पण तो चहापुरता. भाकरी चुलीवरच, कारण मुलाला गॅसवरची गोड लागत नाही.

दोन वर्षं औषधं बदलून जे सापडलं नव्हतं, ते फॅटच्या रकान्याशेजारी लिहिलेलं होतं. सरांनी त्या दिवशी औषध बदललं नाही. मुलाला फोनवर बोलावलं आणि जरा लांबलचक बोलले.

पुढच्या महिन्यात नातीनं पुस्तक वाचलं. तातडीचा पंप बहुतेक दिवशी शून्य. एका दिवशी मात्र एकदा. सरांनी सवयीनं विचारलं, “शेरा?”

नात हसू दाबत म्हणाली, “भाकरी गॅसवर. करपली. बा बोलला. आजी लई ओरडली.”