खबर लुचण्याची

गाय व्यायली की गोठेवाल्याचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: कॅनमध्ये किती लिटर पडतं आणि ती पुन्हा माजावर कधी येते. वासरू बाजूला करून मशीनने धार काढली, तर दोनेक महिन्यांत बहुधा येते. वासरू कासेला लुचत राहिलं, तर बरीच उशिरा. कास तीच, दूध तेच, फरक लुचण्याचा.

बाईच्या शरीरातही मेख तिथंच आहे. अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत, हे आजीचं म्हणणं आपण उगाच हसण्यावारी नेतो. बाळ ओढू लागलं की त्याची खबर थेट मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचते. एरवी तिथून ठरावीक लयीत संप्रेरकाचे ठोके सुटतात, त्या तालावर बीज पिकतं. ओढण्याने ती लयच मोडते. बीज सुटत नाही, पाळी येत नाही.

पण ही खबर लवकर शिळी होते; ती सतत ताजी ठेवावी लागते. आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटातल्या कुंग जमातीच्या स्त्रिया बाळाला दर 13 मिनिटांनी अंगावर घेत, तेही दोनेक मिनिटं! मेल्विन कॉनर आणि कॅरोल वर्थमन यांनी 1980 साली हे मांडलं. या बायकांच्या दोन मुलांत सुमारे पावणेचार वर्षांचं अंतर असे. गर्भनिरोधाचं साधन कुठलंच नाही.

1988 मध्ये इटलीतल्या बेलाजिओत शास्त्रज्ञांनी आजीला दुजोरा दिला, पण अटी घालून. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको, आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळपास पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवं. तिन्ही जुळल्या तर शंभरातल्या 98 जणी सुरक्षित. शिवाय दोन पाजण्यांत दिवसा चार, रात्री सहा तासांहून मोठा खंड पडू द्यायचा नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सोनईच्या पट्ट्यात गाडं इथंच अडतं. मुळा साखर कारखान्याचा हंगाम लागला की ऊसतोडीची बाळंतीण पहाटेच फडात. बाळ कोपीवर, थोरल्या बहिणीच्या कडेवर. चार तास कधीच उलटतात. छाती ठणकते, पदर भिजतो, पण नुसत्या भरून आलेल्या दुधाने मेंदूला खबर जात नाही. त्यात बीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणून पाळीची वाट बघत बसलेलीला पाळी न येताच दिवस जातात.

तेव्हा एक जरी अट मोडली, तरी आशाताईला गाठा. पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या ‘छाया’ गर्भनिरोधक गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा.