श्रद्धेच्या सावलीतील औषधे

‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ हा सहा भागांचा माहितीपट २०१८ साली नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला, तेव्हा चर्चा झाली ती रजनीशांच्या ९३ रोल्स रॉईस मोटारींची आणि मा आनंद शीला यांच्या तिखट जिभेची. मॅक्लेन व चॅपमन वे या बंधूंनी केलेल्या या माहितीपटाकडे मी वैद्यकाच्या नजरेने पाहिले. मला त्यात मोटारींपेक्षा औषधांच्या बाटल्याच अधिक दिसल्या.

आज सत्तरीत असलेल्या अनेकांना १९७४ नंतरचे पुण्यातील कोरेगाव पार्क आठवत असेल. भगव्या झग्यांतील परदेशी स्त्री-पुरुष, गळ्यात रजनीशांचे चित्र असलेली माळ. पुढे १९८१ मध्ये हा सारा संसार अमेरिकेत ओरेगन राज्यात गेला. सुमारे ६४,००० एकरांच्या ओसाड माळावर ‘रजनीशपुरम’ नावाचे नगर उभे राहिले. ते उभारणारे लोक भोळेभाबडे नव्हते. त्यांत वकील होते, अभियंते होते, डॉक्टरही होते. तीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही त्यांतील काहींचे डोळे तेथील दिवस आठवून भरून येतात, हे या माहितीपटाने प्रामाणिकपणे दाखविले आहे. माणूस तत्त्वज्ञानासाठी जातो असे आपण समजतो. बहुधा तो आपली कोणी वाट पाहते, या जाणिवेसाठी जात असावा. (त्या नगरात वाढलेल्या मुलांविषयी माहितीपट जवळजवळ मौन पाळतो. ही त्याची मोठी उणीव होय.)

१९८४ च्या सप्टेंबरात शेजारच्या द डॅल्स या गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली. ७५१ माणसे आजारी पडली, ४५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. उपाहारगृहांतील कामगारांच्या अस्वच्छ हातांमुळे हे घडले, असा निष्कर्ष आरोग्य अधिकाऱ्यांनी आरंभी काढला. सत्य वर्षभराने बाहेर आले. नोव्हेंबरातील स्थानिक निवडणुकीत मतदार घरीच राहावेत, म्हणून पंथातील काही जणांनी दहा उपाहारगृहांतील कोशिंबिरींत साल्मोनेलाचे जंतू मिसळले होते. हे जंतू त्यांनी आपल्याच नगरातील प्रयोगशाळेत वाढविले होते. तरुण माणूस अशा जुलाबांतून चार-पाच दिवसांत सावरतो. म्हाताऱ्या शरीरातील पाणी मात्र झपाट्याने घटते, मूत्रपिंडे कुरकुरू लागतात, जंतू रक्तात शिरण्याची भीतीही अधिक असते.

मला याहून अस्वस्थ केले ते दुसऱ्या एका प्रसंगाने. मतांसाठी रस्त्यावरील हजारो बेघर माणसे बसगाड्या भरून रजनीशपुरमात आणण्यात आली. ती आवरेनात, तेव्हा त्यांना नकळत बिअरमधून हॅलोपेरिडॉल देण्यात आले. मनोविकारांत उपयोगी पडणारे हे औषध आम्हीही वापरतो. परंतु रुग्ण तपासून, मात्रा ठरवून, नातेवाइकांना सांगून. याच औषधाने वृद्धांना गुंगी येते, अंग ताठरते, तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते.

१९८५ मध्ये शीला युरोपात निघून गेल्या आणि खुद्द रजनीशांनीच त्यांच्यावर जाहीर आरोप केले. मग नगर पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. रजनीश भारतात परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी पुण्यात निवर्तले. शीला यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. सुमारे अडीच वर्षांत त्या सुटल्या आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये वृद्ध व अपंगांसाठी शुश्रूषागृहे चालवू लागल्या! हे पाहताना माझ्यातील डॉक्टरला प्रश्न पडला, की तेथील आजी-आजोबांच्या गोळ्यांची नोंदवही त्यांची मुले कधी उघडून पाहत असतील का?

आपल्याकडे एवढे मोठे नाट्य घडत नाही. कळंब्यासारख्या गावात ते एका कागदी पुडीत मावते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी कोणा ‘महाराजां’कडून भुकटी आणतात, आठवड्यात चालू लागतात, भूकही वाढते. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो. अशा बिननावाच्या भुकटीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दुसरा प्रकार याहून वाईट: “माझ्यावर विश्वास असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या सोड.” इन्सुलिन, फिट्सची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी यांपैकी काहीही एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. माघात जोतिबाचे खेटे घालणारे, आषाढीला पंढरीची वाट धरणारे माझे कितीतरी रुग्ण गोळ्यांचा डबा पिशवीत घालूनच निघतात. त्यांच्या देवाने त्यांना कधी अशी अट घातलेली नाही.

घरच्यांनी येथे चेष्टा करू नये, भांडूही नये. सूनबाईंनी टोमणा मारला की सासूबाई पुडी लपवून घेऊ लागतात आणि मग आम्हालाही काही कळत नाही. त्यांच्याबरोबर एकदा त्या सत्संगाला जाऊन बसावे. तेथे त्यांच्याशी कोण बोलते, काय बोलते, हे पाहावे. पैसे, दागिने वा घराची कागदपत्रे मागितली जातात का, घरच्यांपासून गोष्टी लपवायला सांगतात का, याकडे लक्ष असू द्यावे. दुपारी तीन ते सहा या वेळेत घरी त्यांच्याशी कोणी बोलत नसेल, तर त्याचाही विचार व्हावा.

आणि अशी पुडी घरात सापडलीच, तर ती रागाने चुलीत टाकू नका. महिनोन् महिने स्टेरॉइड पोटात गेल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे मंदावते. पुडी एकदम थांबली तर रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, रुग्ण बेशुद्धही पडू शकतो. ती पुडी, आजींना आणि त्यांच्या नेहमीच्या सर्व गोळ्यांना घेऊन त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जा. मात्रा हळूहळू कशी उतरवायची, ते तेथे ठरविता येते.