मुहूर्तापूर्वी भूपरीक्षा

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक. या दिवशी पंचांग न उघडता शुभकार्यास आरंभ करावा, ही आपली परंपरा. त्यामुळे दसरा जवळ आला की सदनिका आणि प्लॉट यांच्या जाहिरातींना बहर येतो, व निवृत्तीसमयी हाती आलेली पुंजी घेऊन कित्येक गृहस्थ इसार देण्यास निघतात. कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेताना "बुवा, बयाणा किती वाजता द्यावा?" असे विचारणारे दरवर्षी भेटतात. जमीन कोणाच्या नावे आहे, हे मात्र त्यांतील थोड्यांनीच पाहिलेले असते.

आमच्या शास्त्रकारांचा क्रम असा नव्हता. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायात भूमीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणून निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. उरली तर भूमी उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. कौटिल्याची दृष्टी मातीपेक्षा मालकीवर अधिक. शेजारच्या कुळांसमक्ष घरापुढे विक्रीची घोषणा व्हावी, सीमा सांगाव्यात, आणि तीनदा पुकारूनही कोणी हरकत घेतली नाही तरच घेणाऱ्याने घ्यावे, असे तो अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात म्हणतो. वर्तमानपत्रातील वकिलांची जाहीर नोटीस ही त्याच घोषणेची वंशज होय.

आज ही परीक्षा जाणत्याकडून करवून घ्यावी. प्रथम वकील. मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध, फेरफार, सातबाऱ्यावरील 'इतर हक्क', शहरात मालमत्ता पत्रक, हे सर्व तो पाहतो. सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे. केवळ त्यावर नाव दिसले म्हणून मालकी निर्विवाद ठरत नाही. नोटरीपुढे केलेल्या साठेकरारानेही जमीन आपली होत नाही. १९०८ च्या कायद्यानुसार खरेदीखत नोंदवावेच लागते. मोकळा प्लॉट असेल तर तो अकृषिक झाला आहे काय, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकतो काय, हेही विचारावे. आणि सरकारी मोजणी झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्याला स्वतःची सीमा तरी ठाऊक हवी!

नव्या इमारतीसंबंधी २०१६ च्या रेरा कायद्याने मोठाच आधार दिला आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत आहे. प्रकल्पाची नोंदणी तेथे पाहता येते, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या शेकडा दहापेक्षा अधिक रक्कम बिल्डरने घेऊ नये, असा दंडक आहे. दसऱ्याची सवलत म्हणून शेकडा वीस आजच भरा, असे कोणी म्हणाला तर हा दंडक त्याला ऐकवावा.

आता किंमत. रेडीरेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी ठरविलेला असतो. प्रत्यक्ष बाजारभाव नोंदणीकृत मूल्यांककाकडून घ्यावा. भाड्यासाठी घर घेणाऱ्याने तर लेखणी हाती धरावीच. समजा, पन्नास लाखांच्या सदनिकेस दरमहा १२,००० रुपये भाडे येते. वर्षाचे १,४४,०००. त्यातून कर, देखभाल व रिकामे महिने मिळून २४,००० वजा करा. उरले १,२०,०००, म्हणजे शेकडा २.४०. भाव वाढेल ही आशा निराळी; तिच्यावर घरखर्च चालत नाही. कर्जाचा हप्ता व प्राप्तिकर यांचा मेळ चार्टर्ड अकाउंटंटकडून बसवून घ्यावा.

सल्ला कोणाचा घ्यावा, यात पुष्कळांची गल्लत होते. व्यवहार झाला तरच दलालाला दलाली मिळते. तो प्रामाणिक असू शकतो; पण "घेऊ नका" म्हणण्यात त्याचा लाभ नाही. बिल्डरच्या वकिलाचा अहवाल बिल्डरने करविलेला असतो. बँकेने कर्ज मंजूर केले याचा अर्थ तिने आपल्या पैशापुरती खात्री केली, एवढाच. ज्याचा मोबदला "घ्या" म्हटले तरी तोच आणि "नको" म्हटले तरी तोच, असा माणूस आपल्या खर्चाने नेमावा. वास्तुशांतीला सढळ हाताने दक्षिणा देणारे यजमान वकिलाच्या काही हजारांच्या फीसाठी घासाघीस करतात, याचे मला नवल वाटते.

यंदा दसऱ्यापर्यंत कागद पुरे झाले नाहीत, तर इसार थांबवावा. दिवाळीचा पाडवा तेथून एकविसाव्या तिथीला येतो, आणि तोही साडेतीन मुहूर्तांतलाच आहे.