शॉर्टस्टॉप कॅल रिपकेन (धाकटा)

जागा : दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. शॉर्टस्टॉपला राखायला स्वतःचा बेस नसतो. उजव्या हाताच्या फलंदाजांचे बरेच फटके याच बाजूला येतात. चेंडू अडवून पहिल्या बेसपर्यंत लांब फेक करायची. म्हणून इथले खेळाडू जवळपास सगळे उजव्या हाताने फेकणारे.

जन्म : २४ ऑगस्ट १९६०, मेरीलँड. उंची ६ फूट ४ इंच. त्या काळी शॉर्टस्टॉप बुटका आणि चपळ असे, त्यामुळे ही उंची नवलाची.

संघ : बाल्टिमोर ओरिओल्स, १९८१ ते २००१. संपूर्ण कारकीर्द एकाच संघात. वडील याच संघाचे प्रशिक्षक, पुढे व्यवस्थापक. धाकटा भाऊ बिली दुसऱ्या बेसवर.

सलग सामने : ३० मे १९८२ पासून एकही सामना चुकवला नाही. ६ सप्टेंबर १९९५ रोजी लू गेरिगचा २,१३० सामन्यांचा विक्रम मागे पडला. मालिका थांबली २,६३२ वर. २० सप्टेंबर १९९८ रोजी तो स्वतःहून बाहेर बसला, दुखापत नव्हती.

आकडे :
• ३,१८४ हिट, ४३१ होमरन. त्यांपैकी ३४५ शॉर्टस्टॉप म्हणून खेळताना
• अमेरिकन लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू : १९८३, १९९१
• वर्ल्ड सिरीज विजेतेपद : १९८३, एकदाच
• १९९० च्या हंगामात शॉर्टस्टॉप म्हणून चुका फक्त ३

बदल : १९९७ पासून कायमचा तिसऱ्या बेसवर. वय वाढलेल्या शॉर्टस्टॉपसाठी ही नेहमीची वाट. तिथे धावाधाव कमी.

हॉल ऑफ फेम : २००७, पात्र ठरल्यावर पहिल्याच मतदानात. मते ९८ टक्क्यांहून अधिक.